थांब, उत्तर देतो

टिंब हिरवं झालं तेव्हा मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पोहे खात होते. भर दुपारी. माझ्या फोनमध्ये गेमच्या कन्सोलवाल्या कंपनीचं ॲप आहे, त्यात आपल्या दोस्तांची यादी दिसते. ज्याचं मशीन नेटला जोडलेलं, त्याच्या नावापुढं हिरवं टिंब. नसंल तर राखाडी. माझ्या यादीत सगळ्यात वर माझा मामेभाऊ, दादा, आणि तो पावसाळ्यात वारला होता.

मी चमचा खाली ठेवला अन् टिंबाकडं बघत बसले. थोड्या वेळानं ते परत राखाडी झालं. कोणी दार किलकिलं करून आत डोकवावं अन् परत लावून घ्यावं, तसं.

त्याच्या नावावर बोट ठेवलं की आमचं चॅट उघडतं. त्यात त्याचा शेवटचा मेसेज होता, "थांब, उत्तर देतो."

हे कळायला आधी आमचं भांडण सांगावं लागंल.

मामा-मामी लासूर स्टेशनला राहतात. मामा रेल्वेतून रिटायर, फाटकावर गेटमन होते. दादा डिप्लोमाला म्हणून संभाजीनगरात टीव्ही सेंटरजवळ आमच्या घरी राहायला आला, मग वाळूजला प्लांटमध्ये लागला अन् आमच्याकडंच राहिला. पहिल्या पगारातून त्यानं कन्सोल घेतलं. मी लई दिवस आईच्या मागं लागून, सेकंडहँड का होईना, माझं वेगळं घेतलं. तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय. कंपनीनं हे असं का केलं.

कंपनी काहीही करो, दादाला ते बरोबर वाटायचं. म्हणून मी त्याला कंपनीचा जावई म्हणायचे. तो मला विरोधी पक्ष म्हणायचा.

"ए विरोधी पक्ष, चहा ठेव."

"कामून, सासरवाडीनं नाय पाजला का?"

डिस्कचंच घ्या. कंपनीनं डिस्क घालायची खाचच नसलेलं मशीन काढलं. खाच पाहिजे तर वेगळी विकत घ्या अन् बाजूनं बसवा. मी लई चिडले. डिस्क म्हणजे आपली वस्तू. खेळून झाली की पैठण गेटच्या दुकानात देऊन दुसरी आणायची, मैत्रिणीला द्यायची, कपाटात ठेवायची. डाउनलोड केलेला गेम कोणाला देणार?

"द्यायचाय कशाला? तू काय लायब्ररी उघडलीस?" दादा म्हणायचा. "खाच आली की मोटर आली, लेन्स आली. आमच्या लाइनवर पण तेच. जो पार्ट नसतो तो बिघडत नाय."

"मग मशीनच काढू नका म्हणावं. काहीच बिघडणार नाय."

आई कणीक मळता मळता म्हणायची, "हे मला पटलं."

"आत्या, तू पार्टी करायलीस."

नियम आईनंच घालून दिला होता. आम्ही जेवताना पण भांडायचो अन् भाजी ताटात थंड व्हायची, म्हणून. ज्याच्यावर उत्तर द्यायची पाळी, त्यानं पुढचं जेवण सुरू व्हायच्या आत उत्तर द्यायचं. नाय दिलं तर हरला, विषय बंद. आई ताट वाढताना विचारायची, "कोण जिंकलं?" अन् जो हरला तो भांडे विसळायचा. नियमाला एकच फट होती. "थांब" म्हणलं की वेळ थांबतो. परीक्षा असली, त्याची डबल ड्यूटी असली, तर थांब म्हणायचं. थांब म्हणणाऱ्याचं उत्तर येईपर्यंत कोणी जिंकत नाय, कोणी हरत नाय.

सगळ्यात मोठं भांडण झोपेवरून झालं.

ह्या मशीनला बंद करायचे दोन प्रकार. एक पूर्ण बंद. दुसरं म्हणजे झोपवायचं. झोपवलं की पुढं एक केशरी लाइट जळत राहतो. मशीन निजलेलं दिसतं, पण मधूनमधून आपलं आपण जागं होतं, नेटला जोडतं, कंपनीनं काही अपडेट पाठवलं का बघतं अन् परत निजतं. नवीन मशीन घेतलं तर ते झोपायलाच सेट केलेलं येतं. मला हे अजिबात पटायचं नाय. एक तर लाइट जळतो. वरून आपल्याकडं बत्ती कधी जाईल भरवसा नाय, मशीन झोपेत काही लिहीत असलं अन् करंट गेला तर आतलं सगळं खराब. कंपनीनं त्यांच्या गावातली वीज बघून मशीन बनवलं, आपली बघितली नाय. मी माझं कायम पूर्ण बंद करायचे, बोर्डाचं बटण सुद्धा.

दादाला तीच गोष्ट सगळ्यात भारी वाटायची. "आपण ड्यूटीवर, अन् ते घरी आपल्यासाठी काम करून ठेवतंय. उठवलं की जिथं सोडलं होतं तिथूनच चालू. माणसाला जमतं का असं?"

पावसाळ्यात तो सुट्टी टाकून लासूरला गेला, मशीन बॅगेत घालून. तिथं ताप भरला. भांडण चॅटवर चालूच होतं. मी लिहिलं, "झोपलेल्या माणसाला आपण उठवतो. तुझ्या मशीनला कंपनी उठवते, तिच्या मनाला येईल तेव्हा. एक दिवस उठवणारच नाय. मग काय करशील?"

त्यानं लिहिलं, "थांब, उत्तर देतो."

डेंग्यू निघाला. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, मग काचेच्या दाराच्या अलीकडं उभं राहणं. मग तो गेला.

आईनं त्यानंतर ताट वाढताना काही विचारलं नाय. मी पण विषय काढला नाय. पण माझ्या डोक्यात वेळ थांबलेलाच होता. तो थांब म्हणून गेला होता.

आणि मी काही गप बसले नव्हते. कंपनीची कुठली पण बातमी आली की मी त्याला टाइप करून पाठवायचे. ऑनलाइन खेळायचे पैसे वाढवले, बघ. नवीन मशीन उभं करायचं स्टँड वेगळं विकायलेत, बघ. पाठवलं की त्याच्या आवाजात उत्तर ऐकू यायचं. तेच ते, "कंपनीनं विचार करूनच केलं असंल." मी बसल्या बसल्या "काय विचार?" म्हणायचे अन् आई दारात येऊन बघून जायची.

त्यातच माझ्या कंट्रोलरची काडी झिजली. अंगठ्यानं फिरवायची काडी असते ना, तिच्या आत घासणारा एक पार्ट आहे. तो झिजला की हात न लावता पण मशीनला वाटतं, काडी कोणीतरी ढकलायलंय. न झिजणाऱ्या, चुंबकावर चालणाऱ्या काड्या मिळतात, तरी कंपनी तीच जुनी बसवते. ह्यावरून पण आम्ही भांडलो होतो. माझी एक झिजली, दुसरी झिजली, तरी दादा म्हणायचा, "तू दाबतीस जोरात. मपली बघ, एकदम टाइट."

आता मी कंट्रोलर गादीवर ठेवून पाणी प्यायला उठले की पडद्यावरचा माणूस आपला आपण डावीकडं चालत जायचा. भिंतीपर्यंत जायचा अन् भिंतीला लागून चालतच राहायचा. एकदा मी स्वयंपाकघराच्या दारात तांब्या घेऊन त्याच्याकडं बघत उभी राहिले. कोणाला तरी भेटायला निघाला होता अन् मध्ये भिंत आली होती.

अन् मग ते हिरवं टिंब.

कॅन्टीननंतर ते परत झालं. एकदा मी औरंगपुऱ्यात झेरॉक्स काढत असताना. एकदा सकाळी दात घासताना. थोडा वेळ हिरवं, मग राखाडी. मशीन झोपेतच उठत असंल, हे काय मला कळत नव्हतं का? मीच तर त्याला शिव्या घालायचे. पण टिंब हिरवं झालं की आधी बोट त्याच्या नावावर जायचं अन् कळायचं नंतर. मी चॅट उघडून बसायचे. आता उत्तर येतंय का म्हणून. खरंच बसायचे.

एकदा त्याच्या नंबरला फोन लावला. एका माणसानं उचलला. "कोण पाहिजे?" मागं बकऱ्या ओरडत होत्या. मामानं सिम बंद करून टाकलं होतं, नंबर दुसऱ्या कोणाला गेला होता. मी ठेवून दिला.

मग कंपनीचा मेल आला. नवीन नियम. पुढच्या अपडेटनंतर प्रत्येकाच्या खात्याची खात्री करणार. खात्याला जो मोबाइल नंबर जोडलाय त्याच्यावर कोड येणार, तो मशीनवर टाकायचा. नाय टाकला तर खातं मशीनमधून बाहेर. सुरक्षेसाठी म्हणे.

मी मेल दोनदा वाचला. दादाचा कोड त्या बकऱ्यावाल्याकडं जाणार. दादाचं मशीन झोपेत उठणार, अपडेट घेणार, कोड मागणार अन् कोणी देणार नाय. खातं नसलेलं मशीन झोपत पण नाय, थोड्या वेळानं सरळ बंद होतं. कंपनी त्याला उठवायची ती शेवटची वेळ. मी जे लिहून पाठवलं होतं, तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी लासूरला गेले.

मामी दारातच होती. "कव्हा निघालीस औरंगाबादहून? तोंड किती उतरलंय माय. बस, च्या ठुते."

आतल्या खोलीत टीव्हीखाली दादाचं मशीन. केशरी लाइट जळत होता. वर बुद्धमूर्ती, तिच्यापुढं विझलेली मेणबत्ती, खाली हे. वरून धुळीचा कण नाय. मामी रोज पुसत असणार. मशीनमागून एक वायर भिंतीवरून, दारावरून फिरवून थेट इन्व्हर्टरला नेलेली.

मामा कॉटवर बसून पेपरनं वारा घेत होते. बत्ती गेलेली होती.

"पंखा इन्व्हर्टरवर नाय का मामा?" मी विचारलं.

"होता," मामा म्हणाले. "मामीला विचार."

मामी चहा घेऊन आली. "पंखा काढून ह्याला दिला. बॅटरी लहान हाय, दोन्ही नाय चालत. त्यो म्हणला व्हता, मम्मी, हे बंद नको करू, हे झोपलंय, म्या आलो की उठवतो."

"कधी म्हणला?"

"दवाखान्यात न्यायलो तव्हा. गाडीत बसता बसता."

मामांनी पेपर मांडीवर ठेवला. "पोरी, मी उभं आयुष्य लोकांच्या पुण्यानुमोदनाला उभा राहून बोललो. मेलेल्या माणसाच्या नावानं दिवे लावू नका, ताटं ठेवू नका. आपल्याला त्यातून बाहेर काढायला कोणी काय काय सोसलं ते सांगत आलो. अन् मपल्याच घरात ही बत्ती. लोक येतात, बघतात. मी काय सांगू?"

"दिवा कोण म्हणलं?" मामी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाय. "दिवा म्या कधी लावला नाय अन् लावणार नाय. त्यानं एक काम सांगून ठिवलंय, ते करायले. तुम्ही गेटवर असताना साहेब सांगून जायचा अन् तुम्ही उन्हात उभे राहायचे, तव्हा म्या म्हणले का दिवा हाय म्हणून?"

मामा परत वारा घ्यायला लागले.

मी चहा तसाच ठेवून त्यांना नियमाचं सांगितलं. कोड, नंबर, अपडेट, सगळं. मामीला एवढंच समजलं की लाइट जाणार, अन् तेवढंच समजायचं होतं. तिनं हातातली बशी खाली ठेवली.

"काही करता येतं का?"

मामा म्हणाले, "नेट तोडलं तर? कंपनीचा माणूस आत येणार कसा?"

मला ते घरून निघतानाच माहीत होतं. नेट तोडलं की अपडेट येणार नाय, कोड मागणार नाय. मशीन आतल्या आत आहे तसं राहील, खातं राहील, झोप राहील. पण मग माझ्या फोनातलं टिंब परत कधीच हिरवं होणार नाय. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता मामीला सांगितलं. फोन उघडून दाखवला. राखाडी टिंब, शेजारी त्याचं नाव.

मामीनं फोन हातात घेतला. "हे त्यो हाय?"

"नाय मामी. ते मशीन आहे. मशीन उठलं की हिरवं होतं."

"तुला दिसतं? तिकडं औरंगाबादला?"

"दिसतं."

ती लई वेळ बघत राहिली. मग फोन मला दिला. "उठव," म्हणाली. "तुझं बघून घे एकदा, मग तोड."

बत्ती आली तसा टीव्ही लावला. मी मशीनवरचं बटण दाबलं. केशरीचा पांढरा झाला, बारीकसा आवाज झाला, अन् मामीनं पदर तोंडाला लावला. तो सुट्टीत आला की त्या आवाजावर ती त्याला जेवायला हाक मारायची. टीव्हीवर त्याचं पान आलं. त्याचं नाव, त्याचे गेम ओळीनं. माझ्या मांडीवर फोनातलं टिंब हिरवं.

आणि पडद्यावरची गेम निवडायची चौकट आपली आपण सरकायला लागली. कंट्रोलर टीव्हीशेजारी पडलेला, कोणी हात लावला नव्हता. चौकट एका गेमवरून दुसऱ्यावर, तिथून पुढच्यावर, हळूहळू डावीकडं.

"कोण फिरवायलंय?" मामी म्हणाली.

पेपरची घडी घालता घालता मामा थांबले.

मी कंट्रोलर उचलला. काडी ढिली होती. एकदम टाइट म्हणायचा, अन् ह्याची पण झिजली होती. कधीची झिजली असंल. अंगठ्यानं उजवीकडं दाबून धरून खेळत होता, पण मला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर हरला असता.

"पार्ट झिजलाय मामी," मी म्हणले. "सगळ्यांचा झिजतो."

मला हसू आलं अन् ते हसू कुठं ठेवावं कळेना. मी पण अंगठा उजवीकडं दाबून धरला. तो जसा धरत असंल तसाच. चौकट थांबली. मग कोपऱ्यात सूचना आली, अपडेट आलेलं आहे, पुढच्या झोपेत बसवलं जाईल. म्हणजे आजच. मी आले नसते तरी आजच.

मी अपडेट काढून टाकलं. सेटिंगमध्ये गेले. वायफायच्या नावावर आले अन् थांबले. फोन घेतला, चॅट उघडलं. एवढे महिने पानंच्या पानं लिहून पाठवली, तेव्हा बोटं कशी पळायची. आता काही सुचेना. एकच लिहिलं अन् पाठवलं.

टीव्हीच्या कोपऱ्यात लगेच माझं नाव आलं, खाली मेसेज. मामीला वाचता येतं. तिनं मोठ्यानं वाचलं.

"मी थांबले आहे."

मग ती मला म्हणाली, "कशासाठी?"

"उत्तर द्यायचंय त्याला."

मामीनं मान हलवली, जसं काय हे तिला माहीतच होतं. मी वायफाय काढून टाकलं. मांडीवरचं टिंब लगेच गेलं नाय. थोडा वेळ तसंच राहिलं, कंपनीला कळायला तेवढा वेळ लागत असंल. मग राखाडी झालं. मी मशीन झोपवलं. पांढरा लाइट लुकलुकला अन् केशरी होऊन स्थिर झाला.

मामीनं जवळ जाऊन बघितलं, हात न लावता. "झोपलं," म्हणाली.

मामा उठले. मला वाटलं बाहेर निघाले. ते इन्व्हर्टरपाशी गेले, चष्मा वर करून वाकून बॅटरीकडं बघितलं. मग कोणाकडंच न बघता म्हणाले, "पाणी कमी झालंय हिच्यात. मार्केटातून डिस्टिल वॉटर आणतो. नाय तर एखाद दिवशी दगा देईल." चपला घालून ते गेले. मामी चहा परत गरम करायला घेऊन गेली.

येताना गाडी दौलताबादला थांबली तेव्हा मी सवयीनं ॲप उघडलं. माझ्या मेसेजखाली "वाचलं" असं आलं होतं. मामीनं वाचलं होतं ते, माझ्यासमोर, मोठ्यानं. तरी मी स्क्रीन बंद केली नाय. संभाजीनगर येईपर्यंत बघत बसले.

घरी आईनं ताट वाढलं. लासूरचं सगळं ऐकून घेतलं. काडीचं सांगितलं तेव्हा ती तोंड फिरवून हसली अन् मग डोळे पुसले. भाजी वाढता वाढता, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिनं विचारलं, "मग, कोण जिंकलं?"

"तो थांब म्हणलाय," मी म्हणले.

"बरं," आई म्हणाली. "जेव."

भांडे मीच विसळले. मग खोलीत जाऊन थोडं खेळले. पडद्यावरचा माणूस डावीकडं जायला लागला की अंगठा दाबून धरायचे. कंटाळा आल्यावर बोर्डाच्या बटणाकडं हात नेला अन् मागं घेतला. मशीनला झोपवलं.

सकाळी आई झाडू घेऊन आत आली. "बत्ती राहिली बघ तुझी चालू."

"राहू दे," मी म्हणले.